प्रयोगकला वैद्यक

प्रयोगकला वैद्यक ही गायक, वादक, नर्तक, नट आणि शरीराच्या साहाय्याने प्रेक्षकांसमोर कला सादर करणाऱ्या इतर कलावंतांच्या आरोग्याशी संबंधित वैद्यकाची शाखा आहे. कला सादर करताना किंवा तिचा सराव करताना उद्भवणाऱ्या व्याधींचे निदान, त्यांवरील उपचार आणि त्यांचा प्रतिबंध हे तिचे विषय होत. क्रीडावैद्यकाशी तिचे जवळचे नाते आहे, मात्र ती त्याच्यापेक्षा बरीच तरुण आहे. स्वतंत्र शाखा म्हणून तिची बांधणी १९८०च्या दशकात झाली. कान-नाक-घसा तज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर गायन, वादन व नृत्याचे शिक्षकही या क्षेत्रात काम करतात.

कलाशिक्षणाशी असलेली सांगड हे या शाखेचे वैशिष्ट्य आहे. कलावंतांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ शिकण्याच्या वर्षांत लागलेल्या सवयींत सापडते. वाद्य धरण्याची चुकीची पद्धत, न झेपणारी पट्टी, विश्रांतीशिवाय वाढवलेला रियाज आणि दुखणे लपवण्याची वृत्ती या त्यांपैकी काही होत. उपचाराने बरा झालेला विद्यार्थी त्याच सवयींकडे परतला, तर दुखणेही परतते. त्यामुळे संगीत व नृत्यसंस्थांच्या अभ्यासक्रमातच आरोग्यशिक्षण, नियमित तपासणी आणि उपचाराची सोय आणावी, हा विचार या शाखेत मध्यवर्ती मानला जातो.

व्याप्ती

प्रयोगकला म्हणजे ज्या कलांमध्ये कलाकृती आणि कलावंताचे शरीर वेगळे करता येत नाही अशा कला. त्यांना प्रयोगजीवी कला असेही म्हणतात. चित्रकाराचे चित्र त्याच्या आजारपणातही भिंतीवर राहते. गायकाचा घसा बसला, तर त्या दिवशीचे गाणेच होत नाही. या फरकामुळे इतर रुग्णांना किरकोळ वाटणारी तक्रार कलावंताच्या बाबतीत गंभीर ठरते. करंगळीचा किंचित अशक्तपणा कारकुनाच्या लक्षातही येणार नाही, पण व्हायोलिनवादकाचा व्यवसाय त्यामुळे थांबू शकतो. रुग्णाच्या वाद्याची, गायकीची किंवा नृत्यशैलीची माहिती असल्याशिवाय अशी तक्रार नीट समजत नाही. म्हणूनच या शाखेतील तज्ज्ञ अनेकदा रुग्णाला वाद्य घेऊन येण्यास सांगतात आणि तो वाजवत असताना त्याची तपासणी करतात.

इतिहास

व्यावसायिक आजारांच्या अभ्यासाचा पाया घालणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी (१६३३–१७१४) यांनी इ.स. १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खाणकामगार, कुंभार, लोहार यांच्या जोडीने गायक व स्वरशिक्षकांच्या आजारांनाही स्थान दिले होते. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, ही आज साधी वाटणारी सूचना त्यांचीच.

भारतीय परंपरेत संगीत आणि शरीरशास्त्र यांचा संबंध याहूनही आधी मांडला गेला होता. देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. वैद्यकाचेही ज्ञान असलेल्या या ग्रंथकाराने स्वरांच्या विवेचनापूर्वी पिंडोत्पत्ती हे प्रकरण घातले असून त्यात गर्भाची वाढ आणि शरीराची रचना यांचे वर्णन येते. नाद शरीरातून उपजतो, म्हणून आधी शरीर समजून घ्यावे, असा त्यामागील क्रम दिसतो. याच ग्रंथात गायकांचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा तो ‘संदष्ट’, गाताना कपाळाच्या, चेहऱ्याच्या व मानेच्या शिरा फुगवणारा तो ‘झोंबक’, तर भोपळ्यासारखे गाल फुगवणारा तो ‘तुंबकी’. ही यादी प्रामुख्याने सौंदर्यदृष्टीने केलेली आहे. तरी मान व जबड्याचा ताण टिपणाऱ्या आजच्या आवाजतज्ज्ञाच्या निरीक्षणाशी तिचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे.

आधुनिक काळात वैद्यक आणि कलाशिक्षण यांची सर्वांत फलदायी गाठ एका गायनशिक्षकाने घालून दिली. मान्युएल गार्सिया (१८०५–१९०६) हे स्पॅनिश गायक घराण्यातील. तरुणपणीच रंगमंच सोडून ते अध्यापनाकडे वळले. विद्यार्थ्याच्या गळ्यात नेमके काय घडते हे पाहता येत नाही, ही त्यांची अडचण होती. १८५४ मध्ये त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि गाताना हलणारे स्वतःचे स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. व्हिएन्नाचे लुडविग ट्युर्क आणि पेस्ट येथील योहान चेर्माक यांनी १८५७-५८ च्या सुमारास हे तंत्र रुग्णतपासणीसाठी वापरात आणले. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या हाती स्वरयंत्र पाहण्याचे साधन आले ते असे गायनाच्या शिकवणीतून.

वादकांच्या हातांचा प्रश्न याच शतकात पुढे आला. जर्मन संगीतकार रोबर्ट शुमान यांना १८३० च्या दशकाच्या प्रारंभी उजव्या हाताच्या बोटाच्या विकारामुळे पियानोवादनाची कारकीर्द सोडावी लागली. बोटे बळकट करण्यासाठी वापरलेले उपकरण, औषधातील पारा आणि मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणाचा बिघाड अशी वेगवेगळी कारणे अभ्यासकांनी सुचवली असून त्यांवर एकमत नाही. १८८७ मध्ये ब्रिटिश वैद्य जॉर्ज व्हिव्हियन पूर यांनी पियानोवादकांच्या हाताच्या तक्रारींवर व्याख्यान प्रसिद्ध केले.

बर्लिनमधील मज्जाविकारतज्ज्ञ व संगीतज्ञ कुर्ट झिंगर यांनी वादकांच्या व्यावसायिक आजारांवर १९२६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि संगीत महाविद्यालयात या विषयावर व्याख्याने दिली. डॉक्टरने संगीतशाळेत जाऊन शिकवण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. नाझी राजवटीत ज्यू असल्यामुळे झिंगर यांचे काम खंडित झाले. १९४४ मध्ये टेरेझिनश्टाट येथील छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीत हा धागा पुन्हा जुळण्यास बराच काळ गेला. १९७४ मध्ये हानोफरच्या संगीत महाविद्यालयात संगीत-शरीरक्रियाशास्त्राची संस्था स्थापन झाली.

गायकांच्या क्षेत्रात संघटित काम थोडे आधी सुरू झाले होते. शल्यचिकित्सक विल्बर जेम्स गूल्ड यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत व्हॉइस फाउंडेशनची स्थापना केली. तिच्या वार्षिक परिषदांत शल्यचिकित्सक, ध्वनिशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि गायनशिक्षक एकत्र बसू लागले. वादकांबाबत मात्र मौन टिकून होते. ते मोडण्यास दोन प्रसिद्ध पियानोवादकांनी स्वतःच्या आजाराविषयी उघडपणे बोलणे कारणीभूत ठरले. लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६४-६५ च्या सुमारास आपोआप आत वळू लागली होती. गॅरी ग्राफमन यांनाही १९७० च्या दशकाच्या अखेरीस असाच त्रास सुरू झाला. १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून ही हकीकत प्रसिद्ध झाल्यावर अनेक वादक डॉक्टरांकडे येऊ लागले. फ्लायशर दीर्घकाळ डाव्या हाताच्या रचना वाजवत, संगीत-संचालन करत आणि बॉल्टिमोरच्या पीबडी संगीत महाविद्यालयात शिकवत राहिले. १९९०च्या दशकात बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनांसह झालेल्या उपचारांनंतर ते दोन्ही हातांनी वाजवू लागले आणि २००४ मध्ये त्यांचे तसे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले.

१९८३ मध्ये कोलोराडोतील ॲस्पेन संगीतमहोत्सवाच्या निमित्ताने वादकांच्या वैद्यकीय प्रश्नांवर परिषद भरली. शिकागोच्या डॉक्टर ॲलिस ब्रँडफॉनब्रेनर यांचा तीत पुढाकार होता. त्यांच्याच संपादनाखाली १९८६ मध्ये या विषयाचे पहिले नियतकालिक निघाले. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये, १९८९ मध्ये अमेरिकेत प्रयोगकला वैद्यकाच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९९० मध्ये नृत्यवैद्यक व नृत्यविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

अमेरिकेतील व्यावसायिक वाद्यवृंदांतील वादकांचे सर्वेक्षण १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरे देणाऱ्या २,२१२ वादकांपैकी ८२ टक्के जणांनी किमान एक वैद्यकीय तक्रार नोंदवली होती आणि वादनावर परिणाम होण्याइतकी तीव्र तक्रार असलेल्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. प्रश्नावलीला उत्तर न देणारेही पुष्कळ असल्याने हे आकडे जपून वाचावे लागतात. तरीही विषयाचे महत्त्व वाद्यवृंदांच्या व्यवस्थापनाला पटवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

कलावंतांच्या प्रमुख व्याधी

आवाज. प्रौढ व्यक्तीचे स्वरतंतू सुमारे सव्वा ते अडीच सेंटिमीटर लांबीचे असतात. काळी पाच या पट्टीत गाणाऱ्या गायिकेने तार षड्ज लावला, की ते सेकंदाला सुमारे ४६६ वेळा एकमेकांवर आपटतात. या घर्षणातून त्यांना सूज येते आणि जोर लावून गाणे चालू राहिल्यास दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी तयार होतात. आवाज घोगरा होणे, वरचे स्वर हळू लावता न येणे आणि थोड्या गाण्यानंतर थकवा जाणवणे ही त्यांची लक्षणे होत. बहुतेक गाठी आवाजाला विश्रांती आणि वाचा-उपचार यांनी कमी होतात. शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. याउलट एखाद्या प्रयोगात ओरडल्याने स्वरतंतूतील रक्तवाहिनी फुटली, तर काही दिवस पूर्ण मौन पाळावे लागते. अशा वेळी सूज उतरवणारे औषध घेऊन प्रयोग पार पाडल्यास कायमची इजा होण्याचा धोका असतो. जठरातील आम्ल घशापर्यंत येणे हेही गायकांच्या तक्रारींचे एक कारण आहे, कारण मैफली व नाट्यप्रयोग रात्री उशिरा संपतात आणि जेवून लगेच झोपावे लागते. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो त्या काळात जुन्या उंच पट्टीचा आग्रह धरू नये, याबद्दल तज्ज्ञ व जाणते शिक्षक यांचे एकमत आहे.

हात, मान व पाठ. एकाच हालचालीच्या असंख्य आवर्तनांमुळे स्नायू व कंडरा दुखावतात. स्पर्धा, परीक्षा किंवा नव्या गुरूंकडे गेल्यावर रियाज एकदम वाढवला की हे दुखणे विशेषतः उद्भवते. पाश्चात्त्य पद्धतीच्या व्हायोलिनवादकाला मान व डाव्या खांद्याचा त्रास होतो. भारतीय बैठकीत वाजवणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात. तासन्‌तास मांडी घालून बसल्याने कंबर व गुडघे अवघडतात. तबलावादकाची मान गायकाकडे वळलेली राहते. सतारवादकाच्या डाव्या हाताच्या बोटांवर मींड ओढून तारेच्या खाचा पडतात. अशा घट्ट्यांकडे साधनेची खूण म्हणून पाहिले जाते आणि ते बहुधा निरुपद्रवीही असतात. मनगट व कोपरातील दुखणे मात्र त्या हिशोबात धरता येत नाही.

फोकल डिस्टोनिया हा सर्वांत गूढ विकार आहे. यात दुखत नाही, पण विशिष्ट बोट केवळ वाद्य वाजवताना ऐकेनासे होते. तेच बोट जेवताना किंवा लिहिताना व्यवस्थित चालते. सुमारे १ टक्का व्यावसायिक वादकांना तो होतो असे मानले जाते. बिघाड हातात नसून हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत असतो. म्हणून अधिक रियाजाने तो सुधारत नाही, उलट बळावू शकतो. शिक्षकाला ही माहिती नसेल, तर तो नेमका अधिक रियाजच सांगतो.

नृत्य. घोटा मुरगळणे, गुडघेदुखी आणि पावलाच्या किंवा नडगीच्या हाडाला पडणाऱ्या सूक्ष्म चिरा या नर्तकांच्या नेहमीच्या तक्रारी होत. बॅलेमध्ये बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे शिक्षण कधी सुरू करावे, हा पालकांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. त्यासाठी वयापेक्षा पाऊल, घोटा व कंबरेची ताकद आणि आधीच्या शिक्षणाची वर्षे पाहावीत, असे नृत्यवैद्यकाचे म्हणणे आहे. भरतनाट्यममधील अरमंडी या अर्धबैठकीत मांडीतून पाय पुरेसे बाहेर वळले नाहीत, तर गुडघ्यावर पीळ बसतो. कथक व लावणीत शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरांचे चाळ बांधून अनवाणी पदन्यास केला जातो. खाली सिमेंटची फरशी असेल तर प्रत्येक आघात टाचेतून नडगीकडे जातो. लवचीक लाकडी तक्तपोशी हा त्यावरचा साधा उपाय आहे. सडपातळ दिसण्याच्या दडपणाखाली कमी खाणाऱ्या नर्तकींमध्ये मासिक पाळी थांबणे आणि हाडे ठिसूळ होणे हेही आढळते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंसाठी मांडलेली अपुऱ्या ऊर्जेची संकल्पना नृत्यक्षेत्रालाही लागू केली जाते.

कान. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित आवाजाची सर्वसाधारण मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते. युरोपीय संघाचा ध्वनिविषयक निर्देश २००८ पासून संगीत व मनोरंजन क्षेत्रालाही लागू झाला. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नर यांच्या संगीतिकेच्या तालमीत पितळी वाद्यांच्या ताफ्यासमोर बसलेल्या एका व्हायोलावादकाच्या श्रवणशक्तीला इजा झाली. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि अपील न्यायालयाने पुढील वर्षी तो मुख्यतः कायम ठेवला. कारखान्यातील गोंगाट हा उत्पादनाचा अनिष्ट भाग असतो, संगीतात मात्र आवाज हेच उत्पादन आहे, असा संस्थेचा युक्तिवाद होता. कलात्मक मूल्यामुळे कामगार-सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मन. रंगमंचावर जाण्यापूर्वीची थोडी धडधड प्रयोगाला उपकारकही असते. ती हाताला कंप सुटण्यापर्यंत किंवा प्रयोग टाळण्यापर्यंत गेली, की उपचार लागतात. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के वादकांनी हृदयविकारासाठी वापरले जाणारे बीटा-ब्लॉकर हे औषध कधी ना कधी घेतल्याचे सांगितले होते आणि त्यांतील अनेकांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतले होते. दमा असलेल्यांना हे औषध धोकादायक ठरू शकते.

कलाशिक्षणाशी सांगड

आजारी कलावंत डॉक्टरांकडे उशिरा येतो, हा या क्षेत्रातील सार्वत्रिक अनुभव आहे. त्याची कारणे सामाजिक आहेत. दुखते असे सांगितल्यास पुढचा कार्यक्रम दुसऱ्याला मिळेल, गुरू आळशी समजतील, डॉक्टर गाणे बंद करा असे सांगतील, ही भीती त्यामागे असते. शेवटची भीती अगदीच निराधार नाही, कारण वाद्याची माहिती नसलेल्या डॉक्टरचा सोपा सल्ला बहुधा तोच असतो. गुरूने विचारल्याशिवाय विद्यार्थी बोलत नाही आणि गुरूही असाच दुखणे सोसून शिकलेला असतो. उपचारकेंद्रे कितीही उत्तम असली तरी ही साखळी त्यांच्या दाराबाहेरच राहते. या निरीक्षणातून शिक्षणसंस्थांकडे लक्ष वळले.

अमेरिकेत २००४ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे संगीत शिक्षणसंस्थांतील आरोग्यसंवर्धनावर परिषद झाली. नॉर्थ टेक्सास विद्यापीठ आणि प्रयोगकला वैद्यकाची संघटना यांच्या या उपक्रमातून २००६ मध्ये चार मुख्य शिफारशी प्रसिद्ध झाल्या. संस्थांनी आरोग्यसंवर्धनाची चौकट स्वीकारावी, सर्व विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक आरोग्याचा अभ्यासक्रम ठेवावा, श्रवणहानीचे शिक्षण सामूहिक वादनाच्या तासातच द्यावे आणि विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेपर्यंत पोहोचण्यास मदत करावी, असे त्यांचे स्वरूप आहे. तिसरी शिफारस विशेष विचारपूर्वक केलेली दिसते: कानाची काळजी वेगळ्या व्याख्यानात सांगितली तर ती विसरली जाते, तीच वाद्यवृंदाच्या तालमीत संचालकाने सांगितली, तर ती कामाचा भाग होते. पुढे संगीत महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेने विद्यार्थ्यांना आरोग्य व सुरक्षेची मूलभूत माहिती देणे हे मान्यतेच्या निकषांत समाविष्ट केले.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे २००५ मध्ये स्थापन झालेली संगीतवैद्यक संस्था ही एकत्रीकरणाची ठळक रचना मानली जाते. संगीत महाविद्यालय आणि विद्यापीठाचे रुग्णालय या दोघांची ती संयुक्त संस्था आहे. एकाच ठिकाणी विद्यार्थ्यांना शिकवणे, रुग्ण तपासणे आणि संशोधन करणे ही तिन्ही कामे चालतात. तेथील काही तज्ज्ञ स्वतः प्रशिक्षित संगीतकारही आहेत. ब्रिटनमध्ये कलावंत व विद्यार्थी यांना तज्ज्ञांचा मोफत सल्ला मिळण्याची सोय प्रयोगकला वैद्यकाच्या संघटनेने केली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०१२ मध्ये रुग्णालये, विद्यापीठे व नृत्यसंस्था यांच्या सहकार्यातून नृत्यवैद्यक व विज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कमधील हार्कनेस केंद्र नर्तकांच्या दुखापतींवर उपचार करते आणि नृत्यशाळांसाठी प्रतिबंधक कार्यक्रमही राबवते.

अशा कार्यक्रमांचा आशय सर्वत्र साधारण सारखा असतो. प्रवेशाच्या वेळी सांधे, श्रवण व आवाज यांची तपासणी करून नोंद ठेवली जाते; पुढे तक्रार उद्भवल्यास तुलना करण्यासाठी ही नोंद उपयोगी पडते. रियाजापूर्वी शरीर सैल व उबदार करणे, तासाभरात काही मिनिटांची विश्रांती घेणे, सुट्टीनंतर रियाज टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि कठीण जागा मनातल्या मनात घोटणे हे शिकवले जाते. आवाजासाठी पुरेसे पाणी पिणे, गोंगाटात बोलणे टाळणे, सर्दी झालेली असताना न गाण्याचा निर्णय घेणे यांचा समावेश असतो. दुखऱ्या हाताने किती वेळ वाजवावे, हे डॉक्टर व शिक्षक मिळून ठरवतात. पूर्ण बंदीपेक्षा दहा-दहा मिनिटांपासून चढत जाणारे वेळापत्रक विद्यार्थ्याकडून पाळले जाण्याचा संभव अधिक असतो. अलेक्झांडर तंत्र, पिलाटीस, योगासने यांचाही वापर होतो.

मर्यादा

आरोग्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमांच्या परिणामकारकतेबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. विद्यार्थ्यांची माहिती वाढल्याचे आढळते, परंतु दुखापतींचे प्रमाण कमी झाल्याचे दाखवणारे मोठे व दीर्घकालीन अभ्यास थोडे आहेत. आरोग्याचे धडे देऊन जबाबदारी कलावंताच्या खांद्यावर टाकली जाते आणि तालमींची संख्या, दौऱ्यांचे वेळापत्रक, अपुरे मानधन हे संस्थेच्या हातातील प्रश्न तसेच राहतात, असा आक्षेपही घेतला जातो. तो बराचसा रास्त आहे. शिवाय या शाखेचे बहुतांश संशोधन पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि बॅले यांवर झालेले असल्याने बैठकीत वाजवल्या जाणाऱ्या वाद्यांना किंवा अनवाणी नृत्यांना त्यातील निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भारतातील स्थिती

शरीराची निगा हा शिक्षणाचाच भाग मानण्याची परंपरा भारतात काही कलांमध्ये टिकून आहे. कथकलीच्या शिक्षणात पावसाळ्यात पहाटे विद्यार्थ्याच्या अंगाला तेल लावून गुरू पायाने मर्दन करतात. लवचीकता यावी म्हणून केली जाणारी ही प्रक्रिया चांगलीच वेदनादायक असते आणि ती वैद्यकीय उपचारात मोडत नाही. तथापि विद्यार्थ्याच्या शरीराची जबाबदारी गुरूने घ्यावी, ही कल्पना तीत आहे. हिंदुस्थानी गायनातील पहाटेचा खर्जाचा रियाज आवाज हळूहळू मोकळा करण्याची पद्धत म्हणून आजही शिकवला जातो.

महाराष्ट्रात आवाजाच्या शास्त्रशुद्ध जोपासनेचा विचार प्रा. बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांनी केला. मुंबईत १९२५ मध्ये स्थापन केलेल्या आपल्या संगीतविद्यालयात शिकवताना त्यांनी आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास चालवला होता. त्यांच्याकडे आवाजसाधनेचा अभ्यास केलेले संगीतज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी गायक आणि नट या दोघांसाठी हे काम पुढे नेले.

देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे आजारपण हे कलावंताच्या आरोग्याच्या संदर्भात नेहमी सांगितले जाणारे उदाहरण आहे. १९४७ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. हवापालटासाठी ते पत्नीसह माळव्यातील देवास येथे राहू लागले. काही वर्षे त्यांना गाण्यास मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध मिळाल्यावर ते बरे झाले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस पुन्हा मैफलीत गाऊ लागले. फुप्फुसाची क्षमता उणावल्यामुळे त्यांच्या गायकीत लहान, तेजस्वी स्वरवाक्ये आली, असे अनेक समीक्षक मानतात. ती निव्वळ सौंदर्यविचारातून आली, असे म्हणणारेही आहेत. देवासच्या मुक्कामात अंथरुणावरून ऐकलेल्या माळवी लोकगीतांचा त्यांच्या पुढील संगीतावर परिणाम झाला, याबद्दल मात्र दुमत नाही.

लोककलावंतांची परिस्थिती निराळी आहे. तमाशाचे फड यात्रांच्या हंगामात रोज नव्या गावी मुक्काम करतात, प्रयोग रात्रभर चालतात आणि दिवसा प्रवासात झोप घ्यावी लागते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, अशी हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती त्यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रयोग थांबवण्याची मुभा एका गर्भवती कलावतीला नव्हती, हे त्याच गोष्टीतून दिसते. जुन्या संगीत नाटकांतही ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे आणि ‘वन्स मोअर’ला तेच पद पुन्हा म्हणणे हे नटाच्या कामात गृहीत होते.

गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथके हा या विषयातील अगदी अलीकडचा आणि संख्येने मोठा गट आहे. पुणे, मुंबई व इतर शहरांत अनेक तरुण पावसाळ्यात काही आठवडे सराव करतात आणि मिरवणुकीत तासन्‌तास वाजवतात. कमरेला बांधलेल्या ढोलाचा भार पाठीवर येतो आणि ताशाचा तीव्र नाद कानाच्या अगदी जवळ असतो. अशा वादनात ८५ डेसिबलची मर्यादा सहज ओलांडली जाते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे परिसरातील आवाजाची मर्यादा ठरवतात. खुद्द वादकाच्या कानाचा विचार त्यांत नाही. त्याच्यासाठी कानात घालण्याचे बोळे आणि सरावातील आलटून-पालटून विश्रांती हेच उपलब्ध उपाय आहेत.

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांसारख्या ठिकाणी वाचा व श्रवण तज्ज्ञ तयार होतात, आणि मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत आवाजाची विशेष चिकित्सा मिळते. संगीताच्या काही अभ्यासक्रमांत आवाज जोपासनेचा धडा असतो, तर नाट्यशिक्षणात योग आणि वाचिक अभिनय यांना स्थान आहे. हात, कान व मान यांच्या काळजीचे शिक्षण बहुतांशी गुरूच्या वैयक्तिक अनुभवावर सोडलेले आहे. बहुसंख्य कलावंत कोणाचे नोकर नसल्याने त्यांना कामगार विम्याचे संरक्षणही मिळत नाही. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना उतारवयात दरमहा ठरावीक रक्कम देते. ऐन उमेदीत गळा किंवा हात दुखावलेल्या कलावंताला तिचा लाभ होत नाही.